बाईंचा अंगठा

बाई गेल्या आणि त्यांचं दहावं व्हायच्या आत चौकात फ्लेक्स लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वरच्या ओळीत पुढारी, हात जोडून, दात दाखवत. उजवीकडे आमच्या वॉर्डातले भाऊ, गळ्यात उपरणं, डोळ्यांवर काळा चष्मा, अर्धा फ्लेक्स व्यापून. खाली मित्रमंडळाची मुंडकी ओळीनं. आणि या गर्दीत डाव्या कोपऱ्यात, हाराच्या चौकटीत, आधार कार्डावरचा फोटो ताणून लावलेल्या बाई. मेल्या होत्या त्या, आणि फ्लेक्सवर सगळ्यांत लहान त्याच.

मी शिडी आणली, वर चढलो आणि बाईंचा चेहरा तेवढा कात्रीनं कापून घेतला. बाकीचे सगळे तिथंच हसत ठेवले. भरदिवसा, भर बाजारात. खालून भाऊंची पोरं ओरडत होती, ‘श्रद्धांजलीचा फ्लेक्स फाडतोस? माणूस हायस का कोण?’ उतरल्यावर एकानं माझी गचांडी धरली. मी त्याला विचारलं, ‘तू बाईंशी आयुष्यात एकदा तरी बोललावतास का रं?’ तर म्हणतो, ‘कोण बाई?’

आता पेठेत मला डोकं फिरलेला म्हणतात. म्हणू देत. बाईंनाही तेच म्हणायचे. हे असं कापायला मी कुणाकडून शिकलो ते सांगायचं तर बाईंबद्दल सांगावं लागेल, आणि मेढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या शालनबद्दलही. सांगताना माझं डोकं तापेल, पण त्याला इलाज नाही.

मी पलूसकडचा. बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, आज कराड तर उद्या विटा. साताऱ्यात बाईंच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. बाई मूळच्या सांगलीच्या. सगळी हयात मेढ्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मला त्या कधी नावानं हाक मारायच्या नाहीत. ‘अहो भाडेकरू’ म्हणायच्या, आणि ते अशा तोऱ्यात की मला वाटायचं आपण एखाद्या हुद्द्यावर आहोत.

पहिल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो तर एकाही डब्याला, बरणीला, पुड्याला चित्र नाही. चहाचा पुडा आला की पत्ती स्टीलच्या डब्यात आणि पुडा कचऱ्यात. तेलाचा डबा भिंतीकडं तोंड करून उभा. का, तर त्याच्यावर एक बाई पुऱ्या तळत हसत होती. ‘पुऱ्या तळताना कोण हसतं हो?’ बाई म्हणाल्या. ‘आणि पहाटे उठून मी तिच्याकडं बघायचं? माझ्याच घरात?’ सोनाराच्या कॅलेंडरवरची नटवी नवरी त्यांनी कात्रीनं उडवली होती आणि खालच्या तारखा तेवढ्या खिळ्याला टांगल्या होत्या.

भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. नवरा खुर्चीत बसलेला, बाई मागं उभ्या, एक हात त्याच्या खांद्यावर. त्या हातावर बाईंनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘हात माझा, पण ठेवला फोटोग्राफरनं. आमची ओळख झाली नव्हती तोवर.’

अंगठ्याचं शास्त्र त्यांनी मला माझ्याच माहितीपत्रकावर शिकवलं. आमच्या कंपनीचं नवं माहितीपत्रक आलं होतं, उसाच्या फडात उभा राहिलेला शेतकरी, हातात कांडं, मागं सूर्य उगवतोय. मी कौतुकानं दाखवायला नेलं. बाईंनी चष्मा पुसला, चित्राकडं बघितलं आणि विचारलं, ‘ह्याला तुमच्याकडून काय पाहिजे?’

‘कुणाला?’

‘चित्राला. चित्रात काय आहे ते शेंबडं पोरगंपण सांगतं. त्याला काय पाहिजे ते सांगा.’

मग त्यांनी त्या शेतकऱ्याच्या तोंडावर अंगठा ठेवला. ‘आता बघा. हसू झाकलं. राहिलं काय? सदरा. इस्त्रीचा. उसातनं आलाय आणि हातावर पात्याचा एक ओरखडा नाही. आता सूर्य झाका. फड केवढा दिसतो? चार सऱ्या. कॅमेरा खाली बसवलाय म्हणून ऊस आभाळाला लागलाय.’ एकेक ठिकाण झाकत गेल्या आणि माझं माहितीपत्रक त्यांच्या अंगठ्याखाली पार उघडं पडलं. मला असा राग आला म्हणता! आमचा बाप उसात राबून वाकलेला. ते ओरखडे मला ठाऊक नव्हते होय? ठाऊक होते, तरी दिसले नव्हते. मी जिन्यावर पाय आपटत वर गेलो.

बाहेर पडल्या की बाईंच्या हातात कायम छत्री. पाऊस असो नसो. ती फ्लेक्सवर टेकवायची आणि मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा उद्योग. पाचगणीच्या कुठल्याशा शाळेचा बोर्ड एसटी स्टँडजवळ होता, ब्लेझर घातलेली गोरीगोमटी पोरं, सगळ्यांच्या माना वर उजवीकडं. बाई रस्त्यातल्या माणसाला थांबवून विचारायच्या, ‘त्या कोपऱ्यात काय आहे हो? ही पोरंपण तिकडंच बघतायत, पलीकडच्या क्लासच्या बोर्डावरची पोरंपण तिकडंच.’ माणूस खरंच वर बघायचा. ‘आलं ना लक्षात? आता शाळेकडं बघायचं राहिलं तुमचं.’ माणूस पळायचा.

एकदा भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छत्रीनं मापं घेत होत्या. तिथला एक कार्यकर्ता आला. ‘ओ आजी, काय चाललंय?’

‘तुझाच फोटो शोधत होते रे. हा बघ, खालच्या ओळीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तू भाऊंकडं बघतोयस, भाऊ माझ्याकडं बघतायत. तुझ्याकडं कोण बघतंय बाळा?’

पोरगं लाजलं, मग चिडलं, मग ‘येडी हाय म्हातारी’ म्हणून निघून गेलं. मी लांब उभा होतो, आपली ओळख दिसू नये म्हणून. पण खरं सांगतो, मला हसू आवरत नव्हतं. असे दिवस चालले होते. मग शालन आली.

शालन ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, सातवीपर्यंत त्यांच्या वर्गात बसलेली. पुढं लग्न होऊन वरच्या वाडीत गेली, शेतीला लागली. तिचा एकुलता एक पोरगा ओंकार. त्या भागात पोरगा जरा दणकट झाला की मिलिटरी, दुसरा विचारच नाही. ओंकारला भरतीच्या तयारीसाठी एका अकॅडमीत घातलं. पहाटे पळायचं, दुपारी पळायचं, चुकलं की शिक्षा म्हणून परत पळायचं. ऐन वैशाखात एका दुपारी तो पळता पळता मैदानात कोसळला आणि गेला.

अकॅडमीचे सर म्हणाले, पोराचं हृदय आधीपासून कमजोर. पण माती देताना बरोबरच्या पोरांनी शालनच्या कानात सांगितलं होतं. शिक्षेच्या पळण्यात पाणी द्यायचं नाही असा सरांचा नियम होता. ओंकारनं दोनदा मागितलं होतं. ‘लढाईत कोण पाणी देणार हाय व्हय रं तुला?’ असं सर म्हणाले होते. लढाई! कॉलेजच्या वयाचं पोरगं, चड्डी-बनियनवर, मोकळ्या माळावर. 

शालन साताऱ्याला बाईंकडं आली ती यासाठी. तिला पोलिसांत जबाब द्यायचा होता आणि एकटीनं जायची भीती वाटत होती. ‘पोरं आता बोलंनात. त्यास्नी सरांनी दम दिलाय. मालक म्हनत्यात गप बस. मी एकटीच हाय बाई,’ ती म्हणाली. तिनं नाही सांगितलं तर ओंकार हृदयानं गेला, एवढंच कायमचं राहणार होतं. बाई म्हणाल्या, ‘पुढच्या सोमवारी ये. मी येते तुझ्याबरोबर ठाण्यात.’

सोमवारी शालन आलीच नाही. बाईंनी दिवसभर वाट बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळीच जिन्याखालून हाक, ‘अहो भाडेकरू, गाडी काढा.’ मी बाईंना मोटारसायकलवर मागं बसवलं, छत्री आडवी, आणि मेढ्याच्या पुढं घाट चढून वाडीत गेलो.

वाडीच्या तोंडाशीच तो फ्लेक्स होता.

ओंकार. मिलिटरीच्या वर्दीत. छाती पुढं, हात कपाळाला, कडक सॅल्यूट. मागं तिरंगा, वर ढग, ढगांतून किरणं. ‘वीर ओंकार, तुझं बलिदान वाया जाणार नाही.’ खाली अकॅडमीचं नाव आणि सरांचा फोटो, मान जरा खाली, दुःखात. फ्लेक्ससमोर ताजी फुलं, उदबत्ती. दोन पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती.

अख्खी वाडी त्या फ्लेक्सनं भारून गेली होती. सरांनी तेराव्याला गाडीभर पोरं आणली, घोषणा दिल्या, शालनला सगळ्यांपुढं ‘वीरमाता’ म्हणून शाल दिली. बायका तिच्या पाया पडल्या. आता वीरमाता पोलिसांत जाऊन काय सांगणार? माझ्या पोराला पाणी दिलं नाही? बलिदान केलेल्या माणसाला पाणी कोण विचारतं! काय डोकं चाललंय बघा त्या माणसाचं. हातात बंदूक न धरता, तिला एका शब्दानं न धमकावता, एका फ्लेक्सवर त्यानं आईचं तोंड शिवून टाकलं.

शालन घरातच होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली. ‘मला न्हाई जायाचं आता बाई. लय मान केला त्यांनी पोराचा.’

बाईंनी तिचा हात धरून तिला फ्लेक्ससमोर नेलं आणि छत्री वर केली.

‘शालन, सातवीत काय शिकवलं होतं तुला? ह्याला तुझ्याकडून काय पाहिजे?’

शालननं वर बघितलं.

‘मान बघ. चेहऱ्यावर उजेड डावीकडनं पडलाय, वर्दीवर उजवीकडनं. दोन सूर्य आहेत का? हा चेहरा त्याच्या अकॅडमीच्या फॉर्मवरचा आणि वर्दी कुणाची तरी. इथं, ह्या कॉलरच्या वर जोडलंय. आणि पाय कुठं आहेत? पळता पळता गेला पोरगा आणि चित्रात पायच नाहीत. माळ नाही. ऊन नाही. घाम नाही. वर ढग, म्हणे! तो वर बघतोय, म्हणून सगळा गाव वर बघतोय. खाली मैदानात काय झालं ते कुणी बघायचं नाही. तू गप्प बसावंस, एवढंच पाहिजे ह्या चित्राला.’

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. शालननं सगळं ऐकून घेतलं. मग ती बाईंच्या अंगावर ओरडली. ओरडली म्हणजे तिचा आवाजच फुटला.

‘मला दिसत न्हाई व्हय? मी त्येची आय हाय! त्येला मिलिट्रीत लागायचं हुतं. ल्हान हुता तवापासनं. न्हाई लागला. आता कवाच लागनार न्हाई. ह्या एका फोटूत तेवढा लागलाय त्यो. तेबी उतरवायला आलाय तुमी?’

बाईंची छत्री खाली आली.  त्या तशाच वळल्या आणि गाडीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

घाट उतरताना मी त्यांना वाट्टेल ते बोललो. म्हटलं, तुमचं शास्त्र चुलीत घाला, आईच्या तोंडावर असं बोलतात होय?  घरी आल्यावर बाईंनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाल्या, ‘चित्र बरोबर वाचलं हो मी. तिच्याकडं बघायचं राहिलं.’ त्या दिवसापासून बाई रस्त्यानं गुमान चालायला लागल्या. फ्लेक्स आला की नजर खाली. पेठेतली माणसं म्हणायला लागली, म्हातारी सुधारली. मला मात्र घरात गुदमरल्यासारखं व्हायचं.

पावसाळा गेला आणि साताऱ्यात एसटी स्टँडच्या रस्त्याला, कंपाउंडच्या कठड्याला, तोच ओंकार पुन्हा उभा राहिला. तीच वर्दी, तोच सॅल्यूट. आता मजकूर नवा होता. ‘वीर ओंकारचं स्वप्न तुम्ही पूर्ण करा! नवीन बॅच सुरू. प्रवेश मर्यादित.’ आणि बाजूला सोयींची चित्रं, गोल गोल चौकटींत. हॉस्टेल. मेस. मैदान. आणि शेवटच्या गोलात निळा टपोरा थेंब. ‘शुद्ध थंड पिण्याचं पाणी.’

मी तो थेंब बघितला आणि माझ्या कानशिलातनं वाफा निघायला लागल्या. ओंकारच्या खांद्याला लागून होता तो गोल. त्याच्या खांद्याला! कुणीतरी कॉम्प्युटरपुढं बसून तो तिथं बसवला असेल, जागा बरी दिसते म्हणून. सरांनी बघून ‘छान झालंय’ म्हटलं असेल.

घरी येऊन बाईंना सांगितलं. त्या जाऊन बघून आल्या. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फाडतो मी त्याला. तर त्यांनी दारात आडवा हात घातला.

‘तुमचा कोण लागतो तो?’

‘कुणीपण लागू दे! बाई, थेंब बघितलात ना तुम्ही?’

‘बघितला. पण तिच्यासाठी एवढाच उरलाय तो. आपण फाडायचा नाही. आणि तिला सांगायलापण जायचं नाही. मागं एकदा दाखवलं ते पुरे झालं.’

मी चिडून आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. जेवणाचा डबा त्या जिन्यावर ठेवायच्या, मी उचलायचो. आज वाटतं, त्या आठवड्यात त्याही माझ्याइतक्याच जळत होत्या. फक्त त्यांना कळलं होतं की या वेळी अंगठा आपला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शालन घेवडा घेऊन साताऱ्याला आली. एसटीतनं उतरली आणि समोर पोरगा.

मी तेव्हा घरीच होतो. दुपारची वेळ, दार वाजलं. बाईंनी उघडलं. दारात शालन, घामानं चिंब, एका हातात विळा, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. घेवड्याची पाटी कुठं टाकून आली कोण जाणे. बाईंनी आधी तिला आत घेतलं, तांब्याभर पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली, आणि पिता पिता रडायला लागली.

‘पानी लिवलंय बाई त्येच्या शेजारी. पानी! थंड!’

‘बघितलंय मी,’ बाई म्हणाल्या.

‘मग मला का न्हाई सांगितलंसा?’

 बाईंनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं डोळे पुसले, खाली बसली आणि ती गुंडाळी फरशीवर उलगडली.

ओंकारचा चेहरा होता. तेवढाच. कपाळ, डोळे, मिसरूड फुटायला लागलेला ओठ, हनुवटी. सॅल्यूटचा हात नव्हता, तिरंगा नव्हता, ढग नव्हते. विळ्यानं कापलेलं, तरी मानेपाशी इतकं नीट की मी बघतच राहिलो. जिथं संगणकानं जोडलं होतं, कॉलरच्या बरोबर वर, तिथूनच विळा फिरला होता. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

‘बाजार भरलावता. समदी बघत हुती,’ ती म्हणाली. ‘एकजन फोन काढून शूटिंग करत हुता. काढ म्हनलं. कुनी अडिवलं न्हाई. तुमी दावलं हुतं तितनंच कापलं मी.’

बाई खाली वाकल्या. त्यांनी त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, कानापासून कानापर्यंत, हळू. त्यांचे डोळे भरून आलेले मी तेवढे एकदाच बघितले.

‘आणि वर्दी गं?’ त्यांनी विचारलं.

‘ती ठिवली तितंच,’ शालन म्हणाली. ‘ती त्येची नव्हती.’

मग तिनं पोराचा चेहरा परत गुंडाळला, पदराखाली घेतला आणि उभी राहिली.

‘उठा बाई. ठाण्यात जायाचं हाय.’